चार नंबरची टाकी

सात महिन्यांत तीन माणसे नोकरी सोडून गेली आणि तिघांच्याही आया आजारी होत्या.

डॉ. लुझविमिंदा माकालिंताल हिने पहिल्या दोन वेळा हा योगायोग मान्य केला. तिसऱ्या वेळी तिला वाटले, गावात एखादी साथ असती तर ती इतर घरांतही दिसली असती. केवळ बांगुस माशांच्या बीज-केंद्रातल्या नोकरदारांच्याच आयांना गाठणारा रोग वैद्यकशास्त्राला अजून ठाऊक नाही. तरीही निष्कर्षाला पुरेल एवढा पुरावा तिच्यापाशी नव्हता आणि पुराव्यावाचून निष्कर्ष काढणे तिच्या स्वभावात नव्हते. तिने तिघांनाही शिफारसपत्र दिले, आयांची विचारपूस केली आणि नव्या माणसांसाठी जाहिरात दिली.

केंद्र मनिलापासून दूर, इलोइलो प्रांताच्या किनाऱ्यावर होते. समुद्रालगतच्या खोल टाक्यांत मोठे बांगुस मासे अंडी घालत. ती पहाटे जाळीने गोळा केली जात. त्यांतून निघालेली, डोळ्यांना जेमतेम दिसणारी पिल्ले आतल्या टाक्यांत तीन आठवडे वाढवून तळीवाल्यांना विकली जात. काम नाजूक होते. पिल्लाच्या पोटाखालची शिदोरी संपते आणि तोंड उघडते, त्या वेळी खाद्य समोर नसेल तर पिल्लू मरते. नंतर कितीही खाद्य घातले तरी उपयोग नसतो.

केंद्रप्रमुख मिंदा बतांगासची होती. तिच्या 'लुझविमिंदा' या पूर्ण नावात देशातल्या तिन्ही द्वीपसमूहांच्या नावांचे तुकडे कोंबलेले असले तरी तिचा आवाज एकाच प्रांताचा होता. बतांगासची माणसे जेवायला बोलावतात तीही भांडायला बोलावल्यासारखी आणि इलोइलोची माणसे भांडतात तीही अंगाई म्हटल्यासारखी, असा एक विनोद देशभर सांगितला जातो. मिंदाने तो अनेकदा ऐकला होता. विनोदाला ती पुरावा मानत नसे.

पिल्लांच्या विभागाची प्रमुख डेल्फिना गेरोना. वयाने मिंदाहून पाचसात वर्षांनी मोठी, शिक्षणाने तिच्याच तोडीची, आणि केंद्र सुरू झाले तेव्हापासून तिथे. सगळे तिला 'मानांग फिना' म्हणत. मानांग म्हणजे थोरली बहीण. मिंदा नुसते 'फिना' म्हणे. कामाच्या जागी नातीगोती आणू नयेत, असे तिचे मत होते.

एप्रिलमध्ये एका सकाळी फिनाने टाकी धुताना हवेची झडप बंद केली आणि ती उघडायची राहिली. शेजारच्या टाकीतल्या पाण्यातले बुडबुडे थांबले. मिंदाला ते दारातूनच दिसले. हवेच्या पंपांची घरघर चालू होती. मधे पाच टाक्यांचे अंतर होते.

"फिना, झडप कोणी बंद केली?" ती दारातून म्हणाली. "पिल्लं काय नाकानं श्वास घेतात की काय? उघडा ती आधी."

फिनाने झडप उघडली. पिल्ले वाचली. तिथे फिनाच्या हाताखालचा रेनांते होता, दोन कामगार होते आणि नव्याने रुजू झालेली फिनाची भाची होती. मिंदाने पुढच्या टाकीचे पाणी तपासले आणि पाचव्या मिनिटाला ती हा प्रसंग विसरली. चूक होती, ती सांगितली, दुरुस्त झाली. तिच्या लेखी प्रसंग म्हणजे एवढेच.

त्यानंतर फिना फार नीट वागू लागली. जे सांगावे ते करी, त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. "हो, मॅम," असे ती इतक्या हळुवारपणे म्हणे की मिंदाला केंद्राची घडी आता बसली असे वाटू लागले.

मे महिन्यात कंपनीच्या मनिला कचेरीतून फर्मान आले. केंद्रप्रमुखांसाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण, विषय: भावनिक बुद्धिमत्ता, उत्तम नेतृत्वाचा पाया. मिंदाने ते वाचून टेबलावर पालथे घातले. जाणे टळण्यासारखे नव्हते. निघण्याच्या सकाळी गाडी दाराशी उभी असताना तिने रेनांतेला सूचना दिल्या. रेनांते फिनाच्या हाताखाली खाद्याचे काम पाही. तिशीचा, हसतमुख, शक्य तिथे एका शब्दात उत्तर देणारा.

"चार नंबरच्या पिल्लांची तोंडं आज उघडतील. आजपासून सकाळ-संध्याकाळ खाद्य. अजिबात चुकवायचं नाही. कळलं?"

"हो, मॅम."

फिना तिथेच होती. तीही "हो, मॅम," म्हणाली.

पिल्ले सहा नंबरमध्ये होती. चार नंबरची टाकी आदल्या आठवड्यात धुऊन, स्वच्छ पाणी भरून ठेवलेली होती आणि तिच्यात काहीही नव्हते.

शहरातल्या हॉटेलात मिंदाने दोन दिवस काढले. प्रशिक्षकाने सगळ्यांना एक प्रश्नावली दिली: मला इतरांच्या भावना ओळखता येतात, एक ते पाच. मिंदाला ही पद्धत विचित्र वाटली. डोळ्यांच्या डॉक्टरने तक्ता भिंतीवर न लावता रुग्णालाच विचारावे की तुम्हाला कितपत दिसते, त्यातला हा प्रकार. तिने प्रामाणिकपणे उत्तरे दिली आणि वर्गात दुसरी आली. शेवटी प्रशिक्षकाने सांगितले, आवाज खाली ठेवा, चेहऱ्यावर हसू ठेवा, फरक तुम्हालाच दिसेल. निदान हे विधान तपासून पाहण्याजोगे तरी आहे, असे तिला वाटले.

ती परतली तेव्हा सहा नंबरच्या टाकीच्या तळाशी पांढुरका गाळ बसला होता. तो गाळ म्हणजे पिल्ले होती.

"रेनांते, चारमध्ये काय आहे?"

"पाणी, मॅम."

"आणि?"

"खाद्य, मॅम."

"आणि पिल्लं?"

"पिल्लं सहामध्ये, मॅम." त्याने सहा नंबरकडे पाहिले. "म्हणजे होती."

"मग चारमध्ये खाद्य का घातलंत?"

"तुम्ही सांगितलं होतं, मॅम."

"दोन दिवस रिकाम्या टाकीला जेवू घातलंत?"

"सकाळ-संध्याकाळ, मॅम." तो हसत होता. बतांगासमध्ये अशा वेळी हसणाऱ्याच्या कानाखाली बसली असती. "चुकवलं नाही."

"कोणाला काही वाटलं नाही?"

"वाटलं ना, मॅम. वाटलं, काहीतरी प्रयोग असेल."

मिंदाने फिनाकडे पाहिले. "फिना, फोन करता आला नसता?"

"तुम्ही प्रशिक्षणात होतात, मॅम," फिना मधाळ आवाजात म्हणाली. "मधेच कशाला त्रास द्यायचा?"

दुसऱ्या दिवशी फिनाने राजीनामा ठेवला. महिनाअखेरीस जाणार. बाकोलोदला सासूबाई आजारी आहेत, असे ती म्हणाली. आयांचा साठा संपला असावा, असे मिंदाच्या मनात आले.

मनिलाहून तिचे वरिष्ठ उबाल्दे यांचा फोन आला. सभ्य गृहस्थ होते. वाईट बातमीही ते हवामान सांगावे तशी सांगत.

"टाकी जाते, डॉक्टर. टाक्या जातातच. पण ही गेरोनाबाई चौथी. तिच्याशिवाय हा हंगाम कोण चालवणार?"

"मी चालवीन."

"एकटी? शिवाय चौथ्या वेळी आजार आयांचा आहे असं मी संचालकांना सांगू शकत नाही. ती थांबली तर ठीक. ती गेली तर तुम्हीही दुसरीकडे पाहावं, हे बरं. रागावून सांगत नाही."

"कळतंय मला."

"प्रशिक्षण कसं झालं?"

"दुसरी आले."

उबाल्द्यांनी अभिनंदन करून फोन ठेवला.

मिंदाने प्रशिक्षकाचे विधान तपासायला घेतले. सोमवारपासून ती हळू बोलू लागली आणि हसू लागली. बुधवारपर्यंत परिणाम दिसू लागला. माणसे तिच्या वाटेतून बाजूला होऊ लागली. पहारेकऱ्याने रेनांतेला गाठून विचारले की केंद्र कायमचे बंद होणार आहे का. पाणी तपासणाऱ्या मुलीने जेवणाच्या सुट्टीत फाटकाजवळच्या संत पीटरच्या पुतळ्यापुढे मेणबत्ती लावली. गुरुवारी मिंदाने एका कामगाराला अगदी मवाळ स्वरात "जरा इकडे येता का?" असे विचारले तेव्हा त्याच्या हातून बादली सुटली. तिने प्रयोग थांबवला. परिणाम निश्चित होता, फक्त उलट दिशेचा होता.

त्याच दुपारी तिच्या आईचा फोन आला. मिंदा ओसरीवर नमुन्यांच्या बाटल्या लावत होती. हात ओले असल्याने तिने फोन मोठ्या आवाजात लावून कठड्यावर ठेवला.

"अगं ए, मेलीस का काय? तीन वेळा फोन केला."

"मेले असते तर आता उचलला असता का?"

"जीभ बघा हिची. कॉफी पाठवलीये, बस-बोटीनं. तुझ्या बापानं भाजलीये. जळकी निघाली तर त्याला शिव्या घाल, मला नको."

"तूच घाल, तुला सराव आहे."

"लग्न कर म्हणते तर माशांशी संसार करतेयस. जेवलीस का?"

"जेवले, जेवले. किती ओरडतेस?"

"मी ओरडतेय? ओरडायला लागले तर तिकडे बेटावर फोन न लावता ऐकू येईल. ठेव आता."

मिंदाने हात पुसले आणि वळून पाहिले. रेनांते दाराशी उभा होता, हातात पाण्याची नळी, चेहरा उतरलेला.

"मॅम, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो. आईनं कॉफी पाठवलीये."

"म्हणजे ते भांडण नव्हतं?"

"कसलं भांडण?"

रेनांतेने नळी खाली ठेवली. तो थोडा वेळ काही मोजत असल्यासारखा दिसला. "मग त्या दिवशी झडपेच्या वेळी... तेही नव्हतं?"

"काय नव्हतं?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही मानांग फिनाला हाकलूनच देताय. तिची भाची होती ना तिथं. मानांग घरी जाऊन जेवलीसुद्धा नाही, असं ऐकलं."

"पण ती मला एका शब्दानं बोलली नाही. उलट इतकं गोड बोलायला लागली."

"हो ना, मॅम." रेनांतेला यात काहीच विसंगत वाटले नाही. "फार रागावली की ती तशी गोड बोलते."

मिंदा कठड्याला टेकली. दोन तापमापके शेजारी ठेवली आणि एकाचे शून्य भलत्याच ठिकाणी असले, तर दोन्ही बिनचूक चालत असूनही त्यांची नोंद कधीच जुळत नाही. यात कोणाचा दोष नसतो, फक्त आधी दोन्ही पडताळून घ्यायची असतात. ती सात महिने दोन वेगळ्या शून्यांवरचे आकडे एकाच तक्त्यात भरत आली होती. ज्यांच्या आया आजारी पडल्या त्या तिघांचे निरोपही तिला आता आठवले. तिघेही फारच गोड बोलले होते.

"मी तिच्याशी बोलते. फोन करते."

"फोन करू नका, मॅम. फोन केलात तर ती घरी नसेल."

"मग?"

"रविवारी प्रार्थनेनंतर मी सहज तिच्याकडे जाणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर सहज या. आणि त्या दिवसाचा विषय तुम्ही काढायचा नाही."

"मग जायचं कशाला?"

"जायला, मॅम," रेनांते म्हणाला.

रविवारी ती कॉफीची पुडी घेऊन त्याच्यामागून चालत गेली. फिनाचे घर नारळीच्या आड, बांबूच्या कुंपणात होते. अंगणात एक सत्तरीची बाई कोयत्याने सरपण फोडत होती. घाव एकसारखे आणि नेमके पडत होते.

"लोला बेनीता, कशा आहात?" रेनांतेने घाईने विचारले. लोला म्हणजे आजी.

"मला काय धाड भरलीये?" म्हातारी म्हणाली आणि तिने आणखी एक ओंडका फोडला. "सुनेकडे आलायस ना? आत आहे. ही कोण?"

फिना दारात आली. मिंदाला पाहताच ती जागच्या जागी थांबली. तिची नजर सासूकडे गेली, कोयत्याकडे गेली आणि परत मिंदाकडे आली. बाकोलोद समुद्रापलीकडे होते. आजारी सासू समोर घाम पुसत उभी होती. रेनांतेने आपल्या चपलांचे निरीक्षण सुरू केले.

मिंदाच्या जिभेवर वाक्य तयार होते. रुग्ण ठणठणीत आहे, सबब कारण खोटे आहे, सबब राजीनाम्याला आधार नाही. वाक्य खरे होते, त्याचे तिन्ही भाग सिद्ध करता येण्यासारखे होते, आणि आजवर असे वाक्य तिने कधी गिळले नव्हते. तिने फिनाच्या चेहऱ्याकडे पाहिले. चेहरा हसत होता. चार नंबरच्या टाकीपाशी रेनांते हसला होता, तसाच. त्या वेळी तिला तो उद्धटपणा वाटला होता. आता तिला दिसले, हसणारा माणूस घाबरलेला आहे.

"मानांग," ती म्हणाली. हा शब्द तिने प्रथमच वापरला आणि तो तिला वाटला तितका जड गेला नाही. "कॉफी आणलीये. लोलांना बरं वाटलं की द्या. बतांगासची आहे, आजारी माणसाला सोसायची नाही."

"आजारी कोण?" म्हातारीने विचारले.

"तुम्ही, आई," फिना अगदी हळू म्हणाली.

म्हातारीने सुनेकडे पाहिले, पाहुणीकडे पाहिले, मग कोयता ओंडक्यावर टेकवून कमरेवर हात ठेवला. "हो," ती म्हणाली. "सकाळपासून पाठ धरलीच आहे जरा. या, जेवायला बसा."

जेवणात तुरीचे दाणे आणि कच्चा फणस घातलेले डुकराचे कालवण होते. म्हातारीने आजारपणाच्या मानाने बरेच खाल्ले. रेनांतेने गावातल्या कोंबड्यांच्या झुंजीचे किस्से सांगितले. झडप, टाकी, राजीनामा यांतले काहीही कोणी बोलले नाही. मिंदाला हे जेवण तिच्या पदवीच्या तोंडी परीक्षेपेक्षा लांब वाटले. तिथे निदान प्रश्न विचारत होते.

मागच्या दारी ताटे धुताना फिना एकदम म्हणाली, "झडप मीच विसरले होते, मॅम."

मिंदाने पुढचे ताट पुसायला घेतले.

"त्याचा मला राग नाही. चूक झाली होती. पण माझी भाची तिथं उभी होती. तिला मीच म्हटलं होतं, इथं ये, इथं मला मान आहे."

"मला ते दिसलं नाही," मिंदा म्हणाली. "झडप दिसली, ती मुलगी दिसली नाही. चुकलंच माझं."

"टाकीच्या वेळी मी दोनदा फोन हातात घेतला होता. पहिल्या दिवशी. मग म्हटलं, जाऊ दे, त्यांनी सांगितलंय ना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राहवलं नाही, सहामध्ये जाऊन खाद्य घातलं. उपयोग नव्हता." तिचा आवाज आता गोड राहिला नव्हता. साधा, जरा खरखरीत होता. मिंदाने तो प्रथमच ऐकला. "त्या पिल्लांनी काय केलं होतं कोणाचं?"

"तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं, सगळं ठीक आहे. मला तुमचं गप्प बसणं वाचता येत नाही, मानांग."

"आणि तुम्ही बोललात की आम्हाला वाटतं, सगळं संपलं."

"माझं चुकलं तर तोंडावर सांगा. 'चूक आहे,' म्हणा."

फिनाने ताट निथळत धरले. ती खरोखरच विचार करत होती. "तसं कसं म्हणणार, मॅम?"

"दोन शब्द आहेत."

"म्हणून काय झालं?"

आतून रेनांतेचा आवाज आला. तो ऐकत नव्हता असे कोणीच धरले नव्हते. "आम्ही विचारू ना, मॅम. 'हा प्रयोग आहे का' म्हणून विचारू. विचारायला काय हरकत?"

फिना हसली. मिंदाने तिच्याकडे नीट पाहून घेतले. हे हसू निराळे होते, असा तिचा अंदाज झाला. अंदाजाची खात्री तिला देता आली नसती. राजीनाम्याबद्दल तिने विचारले नाही. निघताना म्हातारीने तिच्या हातात केळीच्या पानातला भात ठेवला आणि बजावले, "ती कॉफी उद्याच पाठव सुनेबरोबर. म्हणजे, मी उद्यापर्यंत बरी होईन."

"कॉफी तुमच्याच घरात आहे, लोला."

"मग बरंच झालं."

सोमवारी फिना वेळेवर आली. आवाज पुन्हा मऊ होता. "सासूबाईंना उतार आहे, मॅम. बाकोलोदला जायची गरज पडेलसं वाटत नाही."

"चांगलं झालं," मिंदा म्हणाली आणि उबाल्द्यांना तसे कळवले. रुग्णाची प्रकृती सुधारली, एवढेच. खोटे विधान तिने प्रथमच वर पाठवले होते. त्यात दुरुस्ती करावी, असे तिला पुढेही वाटले नाही.

हंगाम पार पडला. फार उत्तम नाही, पण पार पडला. 'हा प्रयोग आहे का' हे वाक्य केंद्रात रुळले. आठवड्यातून एकदोनदा ते ऐकू येई आणि बहुतेक वेळा मिंदाचा आकडा किंवा टाकी चुकलेली निघे. ती दुरुस्त करी.

ऑक्टोबरमध्ये एका सकाळी तिने दारातून रेनांतेला पाच नंबरचे पाणी बदलायला सांगितले.

"मॅम, हा प्रयोग आहे का?"

तिने टाकी पाहिली. पाचच. पाणी बदलायचा दिवस आजचाच. "नाही. बदलायचंच आहे."

"बरं, मॅम," रेनांते म्हणाला आणि हलला नाही.

मिंदाने पुन्हा क्रमांक पडताळला. सगळे बरोबर होते. मग तिने टाकीवरची नजर काढून आजूबाजूला पाहिले. रेनांतेच्या मागे त्याची बायको डबा घेऊन उभी होती. पाच टाक्या ओलांडून मिंदा रेनांतेपर्यंत चालत गेली आणि तेच वाक्य तिने जवळून पुन्हा सांगितले.

रेनांतेने पाण्याची झडप उघडली.